एक ओळ रिकामी

"आई, राजवाडा बघायचा की वासांचं संग्रहालय?" व्हर्सायला उतरल्यावर लेकीने विचारलं. ती पॅरिसला शिकते.

"वासाचं कसलं गं संग्रहालय?" म्हणत मी तिच्यामागून गेले. 'ऑस्मोटेक' त्याचं नाव. १९९० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत बाजारातून गेलेले सुगंध जुन्या कृतीबरहुकूम पुन्हा बनवतात आणि अंधारात, १२ अंश तापमानात जपून ठेवतात. हवेने बिघडू नयेत म्हणून बाटलीत आरगॉन वायू भरतात. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो ना, तसंच!

कागदाची एक पट्टी माझ्या हातात आली. 'फुजेर रोयाल', १८८२. म्हणजे 'शाही नेचा'. आता नेच्याला कुठला आलाय असा सुवास! ऊबिगां या कंपनीच्या पॉल पार्के यांनी तो कल्पनेनेच रचला. त्यात प्रयोगशाळेत तयार केलेलं कुमारिन घातलं. परफ्यूममध्ये असं रसायन वापरण्याची ती अगदी सुरुवात. कुमारिनला वाळत्या गवताचा वास असतो. मी पट्टी हुंगली आणि थेट आजोळच्या गोठ्यावरच्या माळ्यावर पोचले.

ज्यां-फ्रांस्वा ऊबिगां यांनी १७७५ मध्ये पॅरिसला 'फुलांची परडी' अशा नावाचं दुकान थाटलं होतं. पुढे राज्यक्रांती झाली, सम्राट आले-गेले, दुकान टिकलं. १९१२ चं त्यांचं 'केल्क फ्लर' तर खूप गाजलं. पण नंतर कंपनीला उतरती कळा लागली, 'फुजेर रोयाल'ही बंद पडलं. नव्या मालकांनी कंपनी सावरली आणि २०१० मध्ये रॉद्रिगो फ्लोरेस-रू यांच्याकडून ते नव्याने करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तेही हुंगलं. छान होतं, पण कालचं नव्हतं. जुन्या परफ्यूममधल्या ओकवरच्या दगडफुलासारख्या काही घटकांवर आता ॲलर्जीमुळे मर्यादा आहेत.

"मग हे खोटंच ना?" लेक म्हणाली.

मला तसं वाटलं नाही. नाव विकत घेता येतं, बाटलीही तशीच घडवता येते. पण कुणीतरी कृती लिहून ठेवली होती, म्हणून निदान काय हरवलं ते तरी कळतं.

त्या रात्री मला आईचं उटणं आठवलं. आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून दिवाळीला घरात विकतचं पाकीट येतं. तिने उटणं कधी मोजून केलं नाही, मी कधी विचारलं नाही.

परत आल्यावर वही घेऊन मावशीसमोर बसले. आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा... ती मुठीने सांगत होती, मी वाटीने मोजत होते.

"आणि शेवटी ताई काहीतरी चिमूटभर घालायची बघ," मावशी म्हणाली, "ते मात्र तिने मला कधी सांगितलं नाही."

वहीत ती ओळ मी रिकामी सोडली आहे. मैत्रिणींनो, तुमच्या घरातली सांगणारी बाई अजून असेल, तर आजच वही काढा.