मोटारीविना प्रवास : जव्हार-मोखाडा परिसरातील दळणवळणाचा एक विचार

प्रस्तावना

खासगी मोटारीशिवाय शहरात सुखाने वावरता येणे हा युरोपातील नगरनियोजनाचा गेल्या काही दशकांतील महत्त्वाचा विषय आहे. स्पेनमधील पाँतेवेद्रा या शहराने 1999 पासून आपला गाभा पादचाऱ्यांच्या स्वाधीन केला. बेल्जियममधील गेंट शहराने 2017 मध्ये मध्यवस्तीचे विभाग पाडून एका विभागातून दुसऱ्या विभागात मोटारीने थेट जाण्यास मज्जाव केला. तेथील नागरिक मोटार घरी ठेवतो तेव्हा तो एक निवड करीत असतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत मात्र बहुसंख्य कुटुंबांपुढे ही निवडच नाही, कारण त्यांच्याकडे मोटार नाही. 2011 च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 40 हजार, तर मोखाड्याची सुमारे 83 हजार होती. दोन्ही तालुक्यांत रेल्वेमार्ग नाही. स्वतःचे पाय, एस.टी. आणि प्रवासी जीप ही येथील प्रवासाची मुख्य साधने होत. या साधनांची सांगड कोठे बसते आणि कोठे तुटते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जव्हार : पायी फिरण्याजोगे नगर

आटोपशीरपणाच्या कसोटीवर जव्हार कोणत्याही युरोपीय गावाच्या पंक्तीला बसेल. मुकणे घराण्याच्या या संस्थानी राजधानीत 1918 मध्ये नगरपालिका स्थापन झाली. पठारावर वसलेल्या या नगराची लोकसंख्या 2011 मध्ये 12 हजारांच्या आसपास होती. बसस्थानक, बाजारपेठ, पतंगशाह कुटीर रुग्णालय, शासकीय कार्यालये व महाविद्यालय यांमधील अंतरे पायी कापता येतात. सनसेट पॉइंट व हनुमान पॉइंट ही स्थळेही चालत पाहता येतात. दाभोसा धबधब्यासाठी मात्र वाहन हवे. तात्पर्य, जव्हार नगरात मोटारीची गरज असते ती मुख्यतः बाहेरून येणाऱ्या पर्यटकाला. खरा प्रश्न नगराच्या वेशीबाहेर सुरू होतो.

एस.टी. आणि जीप

जव्हार येथे राज्य परिवहन महामंडळाचे आगार आहे. नाशिक, पालघर, डहाणू आणि ठाणे या चारही दिशांच्या वाटा येथे एकत्र येत असल्याने जव्हार हे स्वाभाविक जोडस्थान ठरते. आतल्या गावांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ती मुक्कामी गाडी. संध्याकाळी गावात येऊन रात्री तेथेच थांबणारी आणि पहाटे परत निघणारी ही गाडी दवाखाना, कचेरी व महाविद्यालय यांचे दार एकाच दिवसात उघडून देते. ती बंद झाली की गावाचे घड्याळच बदलते. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल 2022 पर्यंत लांबलेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपात राज्यभरातील ग्रामीण प्रवाशांनी हा अनुभव घेतला.

जिथे एस.टी. पोहोचत नाही तिथे जीप पोहोचते, हे मान्य केले पाहिजे. जीप धान्याचे पोते टपावर घेते, हात दाखवला की थांबते. परंतु तिला वेळापत्रक नसते. सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. त्यात सवलतही नसते. महिलांना 17 मार्च 2023 पासून एस.टी.मध्ये निम्मे भाडे आहे, 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून मोफत प्रवास आहे आणि विद्यार्थ्यांना पासची सवलत आहे. ज्या पाड्याच्या वाटेवर एस.टी.च धावत नाही, तेथील स्त्री मात्र जीपचे पूर्ण भाडे मोजते. सवलतीचा लाभ गरजेपेक्षा मार्गावर अवलंबून राहतो, ही विसंगती धोरणकर्त्यांच्या नजरेत क्वचितच येते.

या संदर्भात गेंटपेक्षा स्वित्झर्लंडचे उदाहरण अधिक उपयुक्त ठरते. त्या डोंगराळ देशाने 1982 मध्ये ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचे देशव्यापी वेळापत्रक स्वीकारले आणि खेड्यांत जाणाऱ्या पिवळ्या टपाल-बसगाड्या रेल्वेच्या वेळांशी जोडून घेतल्या. पैशाइतकेच महत्त्व तेथे वेळांच्या जुळणीला आहे. जव्हारमध्ये अशी जुळणी करायची तर आगाराबरोबर शाळा-महाविद्यालयांनीही त्यात उतरावे लागेल. पहिली तासिका गाडी पोहोचण्यापूर्वी आणि शेवटची तासिका गाडी सुटल्यानंतर असेल, तर उपस्थितीपटावरील अनुपस्थिती ही विद्यार्थ्याची नव्हे, वेळापत्रकाची असते.

पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत

येथील महसुली गाव म्हणजे विखुरलेल्या अनेक पाड्यांचा समूह होय. गावाला रस्ता आहे असे कागदावर म्हटले जाते, तेव्हा तो बहुधा एखाद्या मोठ्या पाड्यापर्यंतच असतो. तेथून पुढे पायवाट, ओढा आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी फरशी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बांधकामावर ‘जगायला’ जाणारी कुटुंबे बोचकी डोक्यावर घेऊन याच वाटेने उतरतात.

वाटेचा हा अखेरचा तुकडा जिवावर बेतू शकतो. वावर-वांगणी येथील 1992 च्या बालमृत्यूंनी कुपोषणाबरोबरच दुर्गमतेकडेही राज्याचे लक्ष वेधले होते. त्यानंतर तीस वर्षांनी, ऑगस्ट 2022 मध्ये, मोखाडा तालुक्यातील मर्कटवाडी येथे मुदतपूर्व प्रसूती झालेल्या महिलेची जुळी अर्भके दगावली आणि तिला सुमारे 3 किलोमीटर डोलीतून रस्त्यापर्यंत न्यावे लागले. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यात उपलब्ध आहे. पण तिलाही चाकांपुरता रस्ता लागतो.

रस्ता का होत नाही, याची दोन कारणे नियमांतच सापडतात. 2000 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशात 500, तर अनुसूचित क्षेत्रात 250 लोकसंख्येची अट घातली. त्यामुळे चाळीस-पन्नास घरांहून लहान पाडे सहसा बाहेर राहतात. दुसरे कारण वनजमिनीचे. मात्र वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) नुसार, ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासह काही सार्वजनिक सोयींसाठी प्रत्येक प्रकरणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. तोडावयाच्या झाडांची मर्यादा हेक्टरी 75 आहे. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. पावणेचार मीटर रुंदीचा रस्ता धरल्यास त्यात अडीच किलोमीटरांहून अधिक लांबी बसते. अनेक पाड्यांचा तुटलेला दुवा याच मापात मावणारा आहे.

अशा प्रस्तावासाठी लागणारी माहिती भूगोल विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी एका हंगामात गोळा करू शकतील : पाड्यातील शेवटच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे अंतर, वाटेतील ओढे, वाट बंद राहण्याचे दिवस, वाटेवरील वनजमिनीची लांबी आणि आजारी माणसाला खांद्यावरून नेण्यास लागणारा वेळ. यांतील शेवटची नोंद कोणत्याही शासकीय नकाशावर नसते. ती पाड्यातील माणसांनाच विचारावी लागते.