ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी पॉवर सप्लाय पाहा!

मुलांच्या हट्टाखातर कॉम्प्युटरमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड बसवायचे ठरले, की सारे लक्ष कार्डाच्या किमतीकडे जाते. पॉवर सप्लाय मात्र कोणाच्या गावीही नसतो. मग ऐन खेळात कॉम्प्युटर बंद पडतो आणि दोष कार्डाला मिळतो!

‘एनव्हिडिया आरटीएक्स ३०६०’चेच पाहा. त्याला १७० वॉट लागतात; मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळतात जास्तीत जास्त ७५. बाकीची वीज पॉवर सप्लायच्या वेगळ्या केबलने द्यावी लागते. कंपनी ५५० वॉटचा सप्लाय सुचवते.

मात्र खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. लेबलवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा आणि १२ने गुणा. कार्ड आणि प्रोसेसर या दोघांच्या वाट्याला येणारे वॉट तेवढेच! इथे चार पैसे वाचवलेत, तर हजारोंचे कार्ड पणाला लागेल.