विसराळूपणाची चाहूल मेंदूलहरींतून

चष्मा कपाळावर आणि आजी घरभर शोधताहेत, हा प्रसंग घरोघरी हसण्यावारी जातो. त्यात वावगे काही नाही. पण त्याच आजी तासाभरात एकच प्रश्न चौथ्यांदा विचारू लागल्या किंवा जन्मभर केलेल्या आमटीत काय घालायचे यावर अडखळल्या, की घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, 'वय झालं, चालायचंच.' दुसऱ्याच्या मनात शंका डोकावते. या वादात वर्ष-दोन वर्षे सहज निघून जातात. आजार अल्झायमरचा असेल, तर नेमकी हीच वर्षे मोलाची असतात.

अल्झायमरमध्ये मेंदूतले बदल लक्षणे दिसण्याच्या दहा ते वीस वर्षे आधीच सुरू झालेले असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळले.

प्रश्नोत्तरांची अडचण

डॉक्टर आधी काही प्रश्न विचारतात. आज वार कोणता? शंभरातून सात वजा करत या. हे तीन शब्द लक्षात ठेवा. एखादे वाक्य लिहा. चाचणी उपयुक्त आहे, पण तिच्यात शाळा दडलेली आहे. निवृत्त मुख्याध्यापक आजार सुरू झाल्यावरही चांगले गुण मिळवू शकतात. शाळेची पायरी न चढलेली, पण व्यवहारात चोख असलेली आजी निरोगी असूनही नापास होऊ शकते. म्हणूनच १९९०च्या दशकात हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार करावी लागली.

तोंडी उत्तर न मागता थेट मेंदूलाच विचारता आले तर? ईईजीकडे संशोधक वळले आहेत ते यासाठी.

फिटपुरता ईईजी नव्हे

ईईजी आपल्याकडे प्रामुख्याने फिट येणाऱ्या रुग्णांमुळे माहीत आहे. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले सूक्ष्म विद्युत चढउतार टिपले जातात. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. जर्मनीत येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूलहरी पहिल्यांदा नोंदवल्या. निरोगी माणूस डोळे मिटून शांत बसला, की सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लहर दिसते. अल्झायमरमध्ये हा ताल मंदावतो आणि संथ लहरी वाढतात. मात्र डुलकी लागली, गुंगीची गोळी घेतली किंवा दुसरा आजार असला, तरी लहरी संथ होतात. त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

ब्रिटनमधील बाथ आणि ब्रिस्टल विद्यापीठांच्या संशोधकांनी म्हणून वेगळी वाट धरली. त्यांच्या चाचणीचे नाव 'फास्टबॉल'. आधी काही चित्रे दाखवतात; लक्षात ठेवा असे सांगत नाहीत. मग डोक्यावर ईईजीची टोपी चढवून पडद्यावर सेकंदाला तीन या वेगाने चित्रे सोडतात. त्यांत ठरावीक अंतराने आधी पाहिलेले चित्र येते. लग्नाच्या मांडवात शेकडो अनोळखी चेहऱ्यांत मामेभाऊ दिसला, की त्याचे नाव ओठांवर येण्याआधीच 'हा आपला' अशी खूण मनात पटते. तीच खूण मेंदूलहरींत त्या ठरावीक तालावर उमटते. बघणाऱ्याला बोलायचे नाही, बटण दाबायचे नाही. सारे सुमारे तीन मिनिटांत आटोपते.

'ब्रेन' या नियतकालिकात २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांमध्ये ही खूण निरोगी ज्येष्ठांपेक्षा क्षीण आढळली. २०२५ मध्ये पुढचा अभ्यास आला. स्मृतिभ्रंशाच्या अलीकडचा टप्पा, म्हणजे 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट', असलेल्यांपैकी ज्यांची स्मृतीच प्रामुख्याने बाधित होती, त्यांच्यातही ती क्षीण होती. ही चाचणी लोकांच्या घरी जाऊनही करता आली.

घाई नको, चालढकलही नको

पण दोन गटांच्या सरासरीत फरक दिसणे वेगळे आणि समोरच्या एका आजींना आजार आहे की नाही हे सांगणे वेगळे. हे अभ्यास लहान आहेत. त्यामुळे साधा ईईजी किंवा 'ब्रेन मॅपिंग' करून अल्झायमरचे निदान करून देतो, असे कोणी म्हणाले तर सावध राहा. मेंदूलहरी उद्या धोक्याची घंटा ठरू शकतील; निदानासाठी मात्र तपासणी, रक्तचाचण्या आणि स्कॅन लागतीलच.

लवकर कळून उपयोग काय, असा प्रश्न येतोच. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही नवी औषधे आजार बरा करत नाहीत, पण सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा वेग थोडा कमी करतात. त्यांच्यामुळे मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. उशीर झाला, की त्यांचा मार्ग बंद होतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक विसराळूपणा अल्झायमरचा नसतो. बी-१२ची कमतरता, मंदावलेले थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही स्मरण ढासळते आणि उपचारांनी सुधारू शकते. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित, टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, एकटेपणा आहेच. शिवाय दुर्लक्षित बहिरेपणा आणि अधू दृष्टीही आहे.

तेव्हा आजी तोच प्रश्न पुन्हा विचारत असतील, ओळखीच्या रस्त्यावर चुकत असतील, पैशांच्या हिशेबात गोंधळत असतील, तर कधीपासून काय बदलले याच्या चार ओळी वहीत लिहा आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्यांसह डॉक्टरांना दाखवा. नवी चाचणी येईल तेव्हा येईल. आजींमधला बदल सर्वांत आधी घरच्यांनाच जाणवतो. तो 'वय झालं' म्हणून झटकून टाकू नका.