विश्लेषण : हेडफोनचा आवाज फाटतो... दोष नेमका कुठे?

सकाळी रंकाळ्यावर फिरताना असो की केएमटीच्या बसमध्ये, हेडफोन आता अनेकांच्या कानात असतो. आवाज फाटू लागला की कोणी तो आणखी वाढवतो, कोणी नवा हेडफोन घेतो. प्रत्यक्षात दोष गाण्यात, फोनमध्ये, जोडणीत, हेडफोनमध्ये किंवा खुद्द कानातही असू शकतो. तो शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

सुरुवात कुठून करावी?

तेच गाणे त्याच फोनवर दुसऱ्या हेडफोनने ऐकावे. तरीही आवाज फाटला तर पहिला हेडफोन बहुधा निर्दोष. मग दुसरे गाणे लावावे. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येणारी खरखर मूळ तबकडीची असते. सगळीच गाणी फाटत असतील तर इक्वलायझर आणि ‘बास बूस्ट’ बंद करावे. बास फार वाढवला की ध्वनिलहरींची टोके छाटली जातात.

वायर आणि ब्लूटूथचे दोष कसे ओळखावेत?

वायरच्या हेडफोनमध्ये वाद्ये ऐकू येतात, पण गायकाचा आवाज गायब होतो, तेव्हा पिन बहुधा अर्धवट बसलेली असते किंवा आतील सामाईक तार तुटलेली असते. पिनजवळ वायर हलवताच खरखर झाली तर तार तिथेच तुटत आली आहे.

ब्लूटूथवर आवाज अचानक बारीक, टेलिफोनसारखा झाला तर एखादे अॅप माइक वापरते आहे का, ते पाहावे. माइक सुरू होताच अनेक हेडफोन कॉलच्या, कमी दर्जाच्या ध्वनीकडे वळतात. आवाज तुटत असेल तर वाय-फायचा अडथळा शक्य आहे, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झ लहरी वापरतात.

पावसाळ्यात काय होते?

घाम, ओलावा आणि कानातील मळ जाळीत अडकला की आवाज दबतो. जाळी कोरड्या, मऊ ब्रशने खाली धरून साफ करावी. हेअर ड्रायरची गरम हवा देऊ नये. मोठ्या आवाजात फक्त बास थरथरत असेल तर आतील पडदा सैल झालेला किंवा फाटलेला असू शकतो.

दोष कानात असेल तर?

डावा हेडफोन उजव्या आणि उजवा डाव्या कानाला लावावा. दोष हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर कान ठीक आहे. तो त्याच कानात राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागल्यास त्याच दिवशी जावे. उपचाराला उशीर झाल्यास श्रवणशक्ती परत येण्याची शक्यता घटते.

आवाज किती ठेवावा?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांसाठी तेवढ्याच वेळेला ७५ डेसिबल ही मर्यादा आहे. फाटका आवाज स्पष्ट व्हावा म्हणून तो वाढवला, तर दोष तसाच राहतो आणि ताण मात्र कानावर येतो.