लग्नाची वर्दी आणि कॅनडाचा उंबरठा

परदेशीं स्थायिक होण्यासाठीं अर्ज करावा आणि त्याचा निकाल लागण्यापूर्वींच घरीं सनई वाजावी, हा योग आज मराठी कुटुंबांत दुर्मिळ राहिलेला नाहीं. मुलानें कॅनडांत कायम वास्तव्य करण्याचा, म्हणजे लोकांच्या बोलण्यांतील ‘पी. आर.’चा, अर्ज धाडलेला असतो. तेवढ्यांत स्थळ जुळतें व मुहूर्त निघतो. अर्जांत ‘अविवाहित’ असें लिहिलें, तें त्या दिवशीं खरेंच होतें. मग पुन्हां कळविण्याची गरज काय? या साध्या प्रश्नाचें उत्तर चुकलें, तर नवराबायकोची ताटातूट वर्षानुवर्षें होऊं शकते.

कॅनडाचा प्रवेशविषयक कायदा २००१ सालीं संमत होऊन २८ जून २००२ पासून अंमलांत आला. त्याच्या दृष्टीनें अर्ज म्हणजे एका दिवसाचें चित्र नव्हे. कायम वास्तव्य मिळेपर्यंत अर्जांतील माहिती खरी राहिली पाहिजे. त्याखालील ११७ वा नियम विशेष कडक आहे. या मुदतींत लग्न झालें, पण माहिती न दिल्यामुळें जोडीदाराची तपासणी झाली नाहीं, तर पुढें त्याला कुटुंबीय म्हणून बोलावितां येत नाहीं. जोडीदार मागाहून येणार असला, किंबहुना मुळींच येणार नसला, तरी त्याची वैद्यकीय व पोलिसी तपासणी व्हावी लागते. कारण निर्णय देतांना सरकार एकट्या माणसाचा नव्हे, तर त्याच्या कुटुंबाचाही विचार करतें. माहिती दडविली असें ठरल्यास पांच वर्षांची प्रवेशबंदीही होऊं शकते.

‘विवाहनोंदणी झालेली नाहीं, म्हणून कागदोपत्रीं लग्नच नाहीं,’ अशी समजूत अनेक घरांत असते. ती भ्रामक आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानुसार, जेथें सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण होतो. नोंदणी राहिली म्हणून तो रद्द ठरत नाहीं. साखरपुडा मात्र लग्न नव्हे.

दुसरा मोह गुणांचा. कुशल कामगारांच्या निवडींत एकट्या अर्जदाराला वयासाठीं जास्तींत जास्त ११० गुण मिळतात; जोडीदारासह येणाऱ्याला १००. परंतु जोडीदाराच्या शिक्षणाचे व भाषेचेही गुण असतात. आणि तो बरोबर येणार नाहीं असें खरेपणानें लिहिल्यास अर्जदाराला एकटा धरूनच गुण मोजले जातात. मग लपवून साधावयाचें तें काय?

लग्न लागतांच अर्जाच्या क्रमांकासह खात्याला लेखी कळवावें. विवाहाचा दाखला व जोडीदाराचीं कागदपत्रें मागतील तशीं सादर करावीं, आणि पाठविल्याची पोंच जपून ठेवावी. व्हिसा हातीं आल्यावर लग्न झालें असेल, तर प्रवासाला निघण्यापूर्वींच कळविणें शहाणपणाचें. कॅनडांत उतरतांना अधिकाऱ्याला तें सांगणें तर नियमानें बंधनकारकच आहे. कायम वास्तव्य मिळाल्यानंतर झालेल्या लग्नाला ही अडचण नाहीं. तेथें नेहमींच्या रीतीनें जोडीदाराला बोलावितां येतें.

चूक होऊन गेली तर काय? कॅनडा सरकारनें ९ सप्टेंबर २०१९ पासून ठराविक मुदतीची एक सवलत सुरू केली. पण ती निर्वासित म्हणून, अथवा कोणाचा जोडीदार वा अवलंबून असलेलें मूल म्हणून गेलेल्यांसाठीं होती. कुशल कामगारांसाठीं नव्हे. त्यांच्यापुढें मुख्यतः उरतो तो माणुसकीच्या कारणास्तव विनंती करण्याचा मार्ग. आणि कृपा म्हणजे हक्क नव्हे.

आपल्याकडे लग्नाची पहिली पत्रिका कुलदैवतापुढें ठेवितात. मांडव उतरण्यापूर्वीं आणखी एक पत्र लिहिण्याची आठवण वडीलधाऱ्यांनींच वधूवरांना द्यावी. त्या चार ओळींवर दोघांचा एकत्र संसार अवलंबून असतो.