तुरीतला चोर
दिवाळीच्या सुमारास लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या शिवारात तूर कळ्याफुलांवर येऊ लागते. वाचकहो, आपल्या पानातल्या वरणाचे भवितव्य याच फुलांत ठरते! रात्री पतंगाची मादी येते आणि कळ्याफुलांवर एकेक अंडे घालून जाते. त्यातून निघालेली घाटेअळी आधी कळ्याफुले कुरतडते. मोठी झाली की शेंगेत डोके खुपसून, निम्मे अंग बाहेर ठेवून, दाणे फस्त करते. मग कितीही औषध मारा. कित्येक विषे तिने केव्हाच पचवली आहेत. म्हणून जाणता शेतकरी फुलोऱ्यातच ५ टक्के निंबोळी अर्क फवारतो, झाडे हलवून अळ्या चादरीवर पाडतो आणि एकरी वीसेक पक्षिथांबे रोवतो. त्यांवर कोतवाल पक्षी येऊन बसतो. चोर पकडायला कोतवालच हवा, नाही का?