व्हर्व्हेट माकड आणि बम्बल माशी

अनुकरण म्हटले की माकड आठवते. कीटक कोणाच्या ध्यानीही येत नाही. कीटक केवळ उपजत प्रेरणेने वागतो, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. ती कितपत खरी, हे पाहण्यास पुढील तुलना उपयोगी पडते.

दक्षिण आफ्रिकेतील रानटी व्हर्व्हेट माकडांच्या चार टोळ्यांपुढे संशोधकांनी गुलाबी व निळ्या रंगात रंगविलेले मक्याचे दाणे ठेवले. त्यांपैकी एका रंगाचे दाणे कडू केलेले असत. दोन टोळ्यांस गुलाबी कडू, तर दोन टोळ्यांस निळे. काही महिन्यांनी कडूपणा काढून टाकला, तरी माकडे जुनाच रंग पसंत करीत. दरम्यान जन्मलेल्या २७ पिलांपैकी २६ पिलांनी टोळीचाच रंग उचलला. अधिक नवल पुढेच आहे. या जातीत माद्या जन्माच्या टोळीत राहतात, नर मात्र वयात आल्यावर टोळी बदलतात. आणि उलट आवडीच्या टोळीत गेलेल्या बहुतेक नरांनी स्वतःचा अनुभव बाजूस सारून यजमानांचा रंग स्वीकारला. देश तसा वेश म्हणतात तो हाच! हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला.

आता बम्बल माशी. आपल्याकडचा लाकूड पोखरणारा काळा भुंगा तो हा नव्हे. ही केसाळ, जाडसर माशी भारतात मुख्यतः हिमालयाच्या थंड प्रदेशात आढळते. तिच्या मेंदूत चेतापेशी दहा लाखांच्या आसपास. माकडाच्या मेंदूत त्या अब्जावधी असतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात बॉम्बस टेरेस्ट्रिस या युरोपीय जातीपुढे एक पेटी ठेवण्यात आली. लाल पट्टी एका दिशेस किंवा निळी दुसऱ्या दिशेस ढकलली की झाकण फिरे व साखरपाणी मिळे. एका माशीस एकच रीत शिकवून इतरांत सोडले, तेव्हा पाहून शिकलेल्या माश्यांनी शंभरात सुमारे अठ्ठ्याण्णव वेळा तीच रीत वापरली (२०२३). पुढील वर्षी दोन टप्प्यांची पेटी दिली गेली. ती कोणत्याही माशीस स्वतःहून उघडता आली नाही. शिकविलेल्या माशीच्या सहवासात मात्र १५ पैकी ५ माश्यांना ती साधली.

मग माश्यांत परंपरा का दिसत नाहीत? कारण मेंदूपेक्षा आयुर्मानात शोधावे लागते. व्हर्व्हेट पिलू आईजवळ राहून शिकते. थंड प्रदेशातील बम्बल माश्यांची वसाहत मात्र एकाच हंगामाची असते. हिवाळ्यापूर्वी जुनी राणी व सर्व कामकरी माश्या मरतात. नवी राणी मातीत एकटीच निजून राहते, आणि वसंतात घरटे घालते तेव्हा तिला काही दाखविणारी एकही माशी उरलेली नसते.